आमच्या वाटणीचे डंकनसाहेब

आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर स्कॉटलंडमधल्या काही पाद्र्यांची आणि पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या काही पोरांची नावं कोरलेली आहेत. सगळे पहिल्या महायुद्धात गेलेले. त्यातले पाद्री नाशिकला राहून गेले होते. त्यांना मराठी यायचं, आमच्या पणजोबांची लग्नं त्यांनीच लावली होती. युद्ध सुरू झालं तसे ते पलटणींबरोबर गेले आणि परतले नाहीत. विद्यार्थ्यांचं प्रकरण वेगळं. ते इथं येणार होते. शिक्षण संपलं की नाशिकला जायचं असं त्यांचं ठरलं होतं, मिशनच्या बंगल्यात त्यांच्यासाठी खोल्यासुद्धा रंगवून ठेवल्या होत्या म्हणतात. पण दीक्षा मिळण्याआधीच त्यांच्या हातात बंदुका आल्या. म्हणजे आमच्या भिंतीवर निम्मे गेलेले पाहुणे होते आणि निम्मे न आलेले, आणि आम्ही दर वर्षी दोघांचीही हजेरी घ्यायचो.

हजेरीची पद्धत कोणी सुरू केली यावर मंडळीत दोन मतं होती. पण का सुरू झाली ते सगळ्यांना माहीत होतं. नावं वाचली जाताना मयताच्या घरच्यांनी उभं राहायचं असतं, अशी साहेबांच्या देशातली रीत. आता नाशिकमध्ये यांच्या घरचं कोण असणार? तेव्हा लग्नात वऱ्हाडाची उतरायची सोय जशी घराघरांत वाटून देतात, तशी ही नावं वाटून टाकली. प्रत्येक घराला एक साहेब. नोव्हेंबरातल्या स्मरणाच्या रविवारी नाव पुकारलं की त्या घरातल्या कर्त्या माणसानं उठायचं आणि म्हणायचं, “आम्ही आहोत.” पुढे साहेब वारशानं चालत आले. साळव्यांच्या वाट्याला लांबलचक पदव्यांचे थोरले पाद्री आले होते आणि त्याचा तोरा त्यांच्या तिसऱ्या पिढीतही उतरला नव्हता. सोयरीक जुळवताना “मुलीकडचे साहेब कोण?” असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

माझं आजोळ भालेरावांचं. त्यांच्या वाट्याला आला एक विद्यार्थी, डंकन मॅकलिन. ना पदवी, ना हुद्दा, ना नाशिकशी संबंध. “धाकटा साहेब” म्हणून साळवे त्याची थट्टा करायचे. आईला ते झोंबायचं. “शिकत होते बिचारे,” ती म्हणायची, जणू पुढच्या मार्चात त्यांचा निकाल लागणार होता.

आम्ही सातपूरला कामगारांच्या कॉलनीत राहायचो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत वडिलांचं सायक्लोस्टाइल यंत्र. माझ्या वडिलांचं नाव शांतवन गायकवाड. दुःखितांचं सांत्वन करणारा, अशा अर्थानं ठेवलेलं नाव. पण सातपूरच्या एकाही व्यवस्थापनाचं त्यांनी कधी सांत्वन केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते युनियनची पत्रकं लिहायचे, स्वतःच छापायचे आणि पहिली पाळी सुटताना गेटवर उभे राहून स्वतःच वाटायचे. चर्चला ते फाटकापर्यंत येत. आत येत नसत. “तुमचा मालक आणि माझा मालक, दोघंही वरच बसतात. खाली कोणी भेटत नाही,” असं एकदा पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हणाले होते. आई मात्र दर रविवारी चर्चच्या टेबलावरून धार्मिक पत्रिका आणायची. आमच्या घरी पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती, पण पत्रकांना तोटा नव्हता. एकाच फळीवर डावीकडे ‘कामगारांनो, जागे व्हा’ आणि उजवीकडे ‘पाप्या, जागा हो’. मी वाचायला शिकले ती या दोन ढिगांवर. दोन्हीकडून जागं केल्यावर माणसाला झोप कशी लागणार? माझं पुढे जे काही झालं ते त्यामुळेच झालं.

माझं नाव सुवार्ता ठेवायला वडिलांनी हरकत घेतली नव्हती. शेवटी तीही बातमीच, असं त्यांचं म्हणणं.

या घरात भिंतीवर एकच फोटो होता, विनयमामाचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वडिलांचा जिवलग मित्र आणि आईवडिलांच्या लग्नाचा मध्यस्थ. तो वडिलांच्याच कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर होता. शिट्टी सुरेख वाजवायचा. दुसऱ्या पाळीवरून येताना कोपऱ्यावरून त्याची शिट्टी ऐकू आली की आई भाकरी थापायला घ्यायची. एके दिवशी प्रेस मध्येच खाली आला आणि मामा गेला. मी शाळेत होते तेव्हा. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं कारखान्यानं कळवलं. वडिलांनी दर वर्षी त्याच्या दिवशी पत्रक काढलं : यंत्राला संरक्षक जाळी बसवा आणि गेटजवळ विनय भालेराव यांच्या नावाची पाटी लावा. जाळी काही वर्षांनी बसली. पाटी कधीच लागली नाही. दफनभूमीतला लाकडी क्रूस दोन पावसाळ्यांत कुजला.

तोपर्यंत डंकनसाहेबांसाठी मामाच उभा राहायचा. तो गेल्यावर पहिल्या नोव्हेंबरात नाव पुकारलं आणि भालेरावांच्या बाकावर कोणीच हललं नाही. मग आई उठली. बाईमाणसानं उठायची पद्धत नव्हती. साळवेकाकांनी मान वळवून पाहिलं. आई म्हणाली, “आम्ही आहोत,” आणि खाली बसली. मी तिच्या शेजारी होते. ती कोणासाठी उठली होती हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वर्षभरात माझ्या आईला तिच्या भावासाठी चारचौघांत उभं राहता येईल अशी ती एकच जागा होती, आणि ती जागा एका स्कॉच पोराच्या नावावर होती.

आदल्या शनिवारी साहेबांचं ताट व्हायचं. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे पितर घालत नाही. हे प्रत्येक आई आपल्या मुलांना बजावून सांगायची, आणि सांगता सांगता मसाला वाटायची. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवयांची खीर. भरीत साहेबांना फार आवडायचं असं आई ठामपणे सांगायची. ज्यानं वांगं पाहिलंही नसेल त्याची आवड तिला कशी कळली, असं मी विचारलं की ती म्हणायची, “आवडलं नसतं का?” हे ताट कावळ्याला ठेवायचं नसे, कारण ते झाले पितर. ते द्यायचं ज्याचं घर लांब आहे अशा माणसाला. घरापासून लांब मेलेल्याचं जेवण घरापासून लांब असलेल्यानं जेवायचं, असा हिशोब. सातपूरला अशा माणसांची काय कमी? आमच्या मागच्या चाळीत सुरगाण्याकडचे कंत्राटी कामगार राहायचे. त्यांच्यातला लक्ष्मण दोन-तीन वर्षं साहेबांचं ताट जेवला. पहिल्या वर्षी त्यानं दारातच विचारलं होतं, “कोनाचं जेवान हाय, ताई?”

“आमच्या साहेबांचं.”

“कंपनीतलं साहेब?”

“नाही रे. लढाईत गेले.”

“मंग पितरच की.”

“पितर नाही. आमच्यात पितर नसतात.”

“बरं,” असं म्हणून लक्ष्मण मांडी घालून बसला. “लय झ्याक झालंय पितर.”

वडील पेपराआड हसले. ताटाच्या दिवशी ते घरातच असायचे, आणि त्यांना भाकरी चुलीवरून उतरल्याबरोबर लागायची म्हणून मटणाचा पहिला वाटाही त्यांनाच मिळायचा. देवाधर्माला त्यांचा विरोध तत्त्वाचा होता. मटणाला नव्हता.

मी कॉलेजात गेले आणि माझं पहिलं पत्रक लिहिलं, ते या पाटीविरुद्ध. शीर्षक होतं ‘भिंत कोणाची?’ मी लिहिलं की त्याच महायुद्धात आपल्याच वस्तीतली माणसं स्ट्रेचर वाहायला, खेचरं हाकायला, खंदक खणायला साता समुद्रापार नेली गेली. त्यातली कित्येक परतली नाहीत. त्यांचं नाव कुठल्या भिंतीवर आहे? साहेबाचा न आलेला विद्यार्थी संगमरवरावर आणि आमचा न परतलेला पणजोबा मातीत, हे कुठलं शुभवर्तमान? आमची मागणी : एक तर या पाटीवर आमची नावं कोरा, नाही तर ही पाटी उतरवा. त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. उद्गारचिन्हं तेवढी कमी केली असती.

वडिलांनी मसुदा वाचून ‘नम्र विनंती’ हे शब्द खोडले. “विनंती नम्र नसते आणि नम्र असेल तर ती मागणी नसते,” ते म्हणाले. मग त्यांचा हात मागणीच्या ओळीवर थांबला. “हे ‘एक तर, नाही तर’ कशाला? मालकाला दोन पर्याय द्यायचे नसतात, कॉम्रेड.”

“दोन्ही न्याय्य आहेत.”

“न्याय्य असतील. त्यातला स्वस्त कोणता?”

मला ते तेव्हा पटलं नाही. मी पत्रक आईला दाखवलं. ती डाळ निवडत होती. तिनं हात पुसून ते शेवटपर्यंत नीट वाचलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय? मी उभी राहणार.”

“आई, पाटी उतरवली तर कशी उभी राहशील?”

ती पुन्हा डाळीकडे वळली. “तू लिहिलंस ते खरं आहे म्हटलं ना. आता मला माझं करू दे.”

त्याच वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले होते. तरुण, पुण्यात शिकलेले, चष्मा सतत पुसणारे. जुन्या मंडळीनं पत्रक फाडावं, मला वाळीत टाकावं, निदान आईला बोलावून जाब तरी विचारावा अशी माझी रास्त अपेक्षा होती. नव्या पाळकसाहेबांनी मला चहाला बोलावलं. “सुवार्ताबाई, तुम्ही आमच्या मनातलं लिहिलंत,” ते म्हणाले. मला बाई म्हणणारा तो पहिला माणूस. मग कारण कळलं. त्याच नोव्हेंबरात स्कॉटलंडहून काही पाहुणे येणार होते, आणि त्यांनी आधीच कळवलं होतं की साम्राज्याच्या काळातल्या गोष्टींचा त्यांना संकोच वाटतो, आपला सत्कार वगैरे नको. पाहुण्यांना संकोच वाटणार, आणि नेमकी हजेरीच्याच रविवारी ती पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर. पंचमंडळी बसली आणि माझी मागणी एकमतानं मान्य झाली. दुसरी. पाटी वर्षअखेरीस उतरवायची, नावं यंदापासूनच वाचायची नाहीत, आणि पाहुणे असेपर्यंत पाटीवर कापडी फलक लावायचा. नवी नावं कोरण्याबद्दल, यादी करावी लागेल, पुरावे पाहावे लागतील, असं ठरलं.

आयुष्यात वडिलांच्या पत्रकानं चार महिन्यांचा बोनससुद्धा कधी मिळाला नव्हता. माझ्या पहिल्याच पत्रकानं साम्राज्य हललं. मी धावत घरी येऊन सांगितलं. वडिलांनी बिडी विझवली. “मागणी इतक्या झटकन मान्य झाली,” ते म्हणाले, “म्हणजे ती त्यांचीच होती.”

शनिवारी आईनं नेहमीसारखं ताट केलं. ते होताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नारळ खोवून दिला, कांदा भाजून दिला. विस्तवावर वांग्याची साल तडकत होती. नेहमीसारखी ती विनयमामाच्या शिट्टीची चाल गुणगुणत नव्हती. आणि त्या वर्षी आणखी एक झालं. ताट घेऊन ती मागच्या चाळीत गेली आणि तशीच परत आली. सुरगाण्याची, पेठची सगळी पोरं भातकापणीला गावी गेली होती. खोल्यांना कुलपं. घर लांब असलेला एकही माणूस कॉलनीत नव्हता. वडील म्हणाले, “मी जेवतो, माझं तत्त्व लांबच आहे.” आई हसली नाही. तिनं ताट डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि फळीवर ठेवलं, दोन ढिगांच्या मधोमध.

रविवारी आम्ही चर्चला पोचलो तेव्हा पाटी झाकलेली होती. कापडी फलक पंचमंडळीनं घाईत आणला होता. त्यावर गुलाबाची फुलं होती आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं : सुस्वागतम्. पाहुणे पहिल्या बाकावर बसले होते, एक जोडपं आणि मिस मॉरिसन नावाच्या उंच, निवृत्त शिक्षिका. मला दुभाषी म्हणून त्यांच्या मागे बसवलं होतं. विजयी पक्षाला मिळणारा मान. आई भालेरावांच्या बाकावर एकटीच, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. वडील फाटकाशी.

प्रार्थना झाली, गीत झालं. नावांची वेळ आली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “या वर्षी आपण कोणाचंही नाव न घेता, सर्व युद्धांतल्या सर्व मृतांसाठी शांत उभे न राहता, बसूनच मौन पाळू.” वाक्य त्यांनी बरंच घोकलं असावं. सगळे बसले. दरवर्षी नावं वाचणारे सॅम्युअलकाका सवयीनं चष्मा लावून तयार होते. त्यांनी तो काढून खिशात ठेवला.

त्या मौनात आई उठली. पिशवी बाकावर ठेवली, पदर सारखा केला. फलकाकडे पाहून, शाळेतली बाई हजेरी घेते तशा आवाजात म्हणाली, “डंकन मॅकलिन.” आणि स्वतःच उत्तर दिलं, “आम्ही आहोत.”

ती खाली बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही. “विनय भालेराव,” ती म्हणाली. या वेळी उत्तर द्यायला तिला आवाज फुटेना. तेवढ्यात माझ्या मागून, चर्चच्या दारातून उत्तर आलं, “आम्ही आहोत.” वडील फाटक ओलांडून आत आले होते, चपलांसकट.

मग साळवेकाका उठले. त्यांच्या थोरल्या साहेबांचं नाव धाकट्याच्या मागे राहिलं हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतंच. त्यांनी पदव्यांसकट नाव घेतलं. आणि बसता बसता, कोणी विचारलेलं नसताना, आपल्या आजोबांचं नाव घेतलं, खेचरं हाकायला गेले होते त्यांचं. त्यानंतर कोण कुठे उठतंय याला काही धरबंधच राहिला नाही. साहेब आणि आपले, सगळे मिसळून. युद्धात न गेलेलेही. एका म्हातारीनं मलेरियानं गेलेल्या मुलीचं नाव घेतलं, एकानं तर मालेगावला हमरस्त्यावर ट्रकखाली आलेल्या भावाचं. पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. माझ्या मागणीचा पहिला भाग, याद्यांशिवाय आणि पुराव्यांशिवाय, तोंडी अंमलात येत होता, आणि त्यात माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं.

मिस मॉरिसन मागे वळल्या. “काय चाललंय?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं, “मेलेल्यांची नावं घेतायत. त्यातली काही त्या फलकामागच्या पाटीवर आहेत. त्यांच्या वतीनं हजर राहतायत.”

“पण ही तर आमच्याकडची नावं आहेत,” त्या म्हणाल्या. त्या फलकाकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गावच्या चर्चमध्येही अशी पाटी होती. चर्च विकलं. आता तिथं गालिच्यांचं दुकान आहे. पाटी कुठे गेली मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.”

उपासनेनंतर आवारात चहा होता. भजी माझ्या उरलेल्या पत्रकांवर वाढली होती. कोरी बाजू वर. आई पिशवी घेऊन सरळ मिस मॉरिसनकडे आली. “हिला विचार,” ती मला म्हणाली, “हिचं घर किती लांब आहे.”

मी विचारलं. त्यांनी विमानं, आगगाडी, शेवटी एक बोट, असं सगळं सांगितलं. बेटावर राहायच्या.

“झालं तर,” आई म्हणाली आणि डबा उघडला. कालचं मटण, सकाळी नव्यानं थापलेली भाकरी, भरीत. मिस मॉरिसन उभ्यानंच घास घेऊ लागल्या. “बसून जेवायचं म्हणावं. त्यांचं ताट आहे,” आई म्हणाली. त्या चर्चच्या पायरीवर बसल्या. आई शेजारी बसली, वाढायला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि मी दुभाषी असूनही मला कोणी काही विचारलं नाही. भरीत त्यांनी दोनदा घेतलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की वर्षानुवर्षांचा एक वाद त्या क्षणी निकाली निघाला.

पाहुणे गेले. पंचमंडळीसमोर पेच होता. पाटी उतरवावी तर घराघरांतून माणसं भांडायला येणार. फलक काढून ती पुन्हा दाखवावी तर घेतलेला ठराव उघडा पडणार. तेव्हा त्यांनी समित्या करतात तेच केलं, काहीच केलं नाही. ठराव आजही कायम आहे, पाटीही कायम आहे, आणि फलकही. नोव्हेंबरात नावं घेतली जातात, कापडाकडे बघून, ज्याला जी घ्यायची ती. कोरण्याच्या मागणीसाठी मी तेव्हापासून सात पाळकांना पत्रकं दिली आहेत. यादीचं काम चालू आहे असं सगळे सांगतात.

वडील गेले, मग आई गेली. आता भालेरावांच्या बाकावरून मी उठते आणि चार नावं घेते. साहेब पहिले, कारण त्यांचा मान पहिला. शनिवारचं ताट मी करते. भरीत आईसारखं होत नाही, पण अंबडच्या कंपन्यांत आता बिहारची, ओडिशाची पोरं आहेत, घर लांब असलेल्यांची वाण पडत नाही. फलकावरची गुलाबं उडाली आहेत. कापड विरलंय, कडेला खिळ्याशी फाटलंय. उन्हाची तिरीप आली की त्यातून मागची कोरीव अक्षरं अंधुक दिसतात. रंगवलेल्या खोल्यांत कधी न उतरलेली ती पोरं, आणि त्यांच्या नावांवर, अजून वाचता येईल इतपत ठळक, सुस्वागतम्.